वालेंटिनमामाची गाणारी चाकं

वालेंटिनमामाशी बोलायचं तर त्याच्या उजव्या बाजूला उभं राहावं लागे. डावा कान कारखान्यातल्या घणांनी केव्हाच खाल्ला होता. पण उजवा असा तयार, की दोन गल्ल्या पलीकडे कुणाच्या सायकलचं बेअरिंग गेलंय ते तो जेवता जेवता सांगायचा. "पोस्टमनची," म्हणायचा, आणि पुढचा घास घ्यायचा. त्याचं बोलणं एवढंच.

न्युर्नबर्गला, शहराच्या दक्षिणेला, रणगाड्यांच्या कारखान्यात तो सव्वीस वर्षं फिटर होता. आधी ट्रक जोडले, मग रणगाडे. त्याच्याकडे शेवटच्या पेट्यांचं काम. रणगाड्याच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंना, दातेरी चाकामागे, एकेक जड लोखंडी पेटी असते. आत दोन गिअर. इंजिनाची सगळी ताकद शेवटी ह्या पेटीतून पट्ट्याला मिळते. एक पेटी गेली की उरतं ते पंचेचाळीस टनांचं लोखंडी पिंप. तोफ शाबूत, माणसं शाबूत, पण जागचं हलत नाही.

गिअर पेटीत बसवण्याआधी मामा तो तारेला टांगायचा, लाकडी हातोडीने एक हलका ठोका द्यायचा आणि उजवा कान लावायचा. चाक लांबवर स्वच्छ वाजलं, की पसंत. ठप्प बोललं, की बाजूला. "गातं ते चालतं," हे त्याचं आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण. त्याच्या उस्तादाने हे त्याला शिकवलं आणि त्याने निम्म्या खात्याला. पेटी पुरी झाली की झाकणावर पंचने आपला नंबर ठोकायचा. मामाचा नंबर एकसष्ट. खात्यात म्हणायचे, ज्याचा शिक्का त्याची मान.

'पँथर' हा नवा रणगाडा कसा जन्मला ते मात्र मामापेक्षा त्याचा फोरमन टेश्केनडोर्फ जास्त रंगवून सांगायचा. हा बर्लिनचा. मामाला आडनावाने हाक मारायचा, आणि दर वाक्यात 'म्हणजेच' घातल्याशिवाय त्याला श्वास घेता यायचा नाही.

"म्हणजेच, हेर्टलाइन, एकेचाळीस साली रशियनांचे रणगाडे आपल्यापेक्षा सरस निघाले. म्हणजेच आपल्याला घाई झाली. म्हणजेच, पस्तीस टनांच्या आतला नवा रणगाडा ठरला. मग वरून आज्ञा आली, पुढचं चिलखत जाड करा. मग पुन्हा आज्ञा आली, अजून जाड करा. म्हणजेच..."

"म्हणजेच पंचेचाळीस टन," मामा म्हणायचा. "आणि माझी पेटी पस्तीसचीच."

"तिच्यासाठी अधिक मजबूत रचना सुचवली होती. परंतु तसे दाते कापायची यंत्रं देशात पुरेशी नाहीत. म्हणजेच, साधे सरळ दाते. म्हणजेच, तुम्ही नीट जोडा."

त्रेचाळीसच्या जुलैत पहिले दोनशे पँथर रशियात गेले. वर्तमानपत्रात छापून आलं, की शत्रूला घाम फुटला. तोफेबद्दल ते खरंही होतं, दोन किलोमीटरवरून समोरच्याला फोडायची. पण काही तर रेल्वेतून उतरून आघाडीपर्यंत जातानाच पेटले, इंजिनाची जागा तापून. आठवड्याभरात चालते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. हे वर्तमानपत्रात नव्हतं. दुरुस्तीला परत आलेल्या पेट्यांवरून मामाला कळलं. त्या दिवसापासून त्याने वर्तमानपत्र बंद केलं. कुनीमामी म्हणाली, "का हो, बंद का केलं? मग मी बटाट्याची सालं कशात बांधायची? माझा विचार केलात का?" मामी प्रश्नाशिवाय बोलत नसे.

त्यांना एकच मुलगा, यॉर्ग. एकोणीस वर्षांचा, लांब हातांचा, सदा भुकेला. चव्वेचाळीसच्या वसंतात तो ड्रायव्हर झाला. कशाचा? पँथरचा.

मामी दोन दिवस रडली. मामा रडला नाही. त्याने आपल्या बाकाखालचा भंगाराचा खोका रिकामा केला आणि धुऊन पुसून ठेवला. त्या दिवसापासून हातात येणाऱ्या प्रत्येक गिअरला तो ठोका द्यायचा, ऐकायचा, आणि शंभरात एखादंच चाक, जे चर्चमधल्या घंटेसारखं लांबत जायचं, ते तेलाच्या कापडात गुंडाळून खोक्यात ठेवायचा. त्याच्या जागी दुसरं बसवायचा. पोलादात घालायचे धातू एकेक करून संपत होते, चाकं येत होती ती कुठल्या कुठल्या भट्ट्यांतून. गाणारी त्यात थोडी. सहा महिन्यांत त्याने चार जमवली. दोन डाव्या पेटीसाठी, दोन उजव्या.

"पण यॉर्ग आपल्याच कारखान्यातून रणगाडा नेणार हे कशावरून?" मामीने विचारलं.

"त्याच्या पलटणीला इथूनच देतात."

"आणि दुसऱ्याला दिलीत तर? त्या दुसऱ्याला आई नसते का?"

मामाने खोका दुसऱ्या कुणासाठी उघडला नाही.

ऑक्टोबरात यॉर्ग आला. त्या वेळी ड्रायव्हर लोकांना दोन आठवडे कारखान्यात ठेवत. आपला रणगाडा जोडताना पाहायचा, पाने धरायचे, मग घेऊन जायचं. त्याच्याबरोबर त्याचा कमांडर, सार्जंट ब्रुन्स. वय चोवीस, डावा कान भाजून सुरकुतलेला, उत्तरेकडच्या समुद्रकाठचा माणूस. मामीने रविवारी बटाट्याचे गोळे उकडले. ब्रुन्सने आठ खाल्ले.

"मावशी, नवव्याला नाही म्हटलं तर तुम्हाला राग येईल ना?"

"येणारच! का, नको का?"

"बरं तर. नववा."

यॉर्ग तोंडात गोळा धरूनच म्हणाला, "बाबा, आमच्यात एक म्हण निघालीय. पँथरला शत्रू मारत नाही, वळण मारतं."

"जेवताना मरणाचं कशाला काढतोस?" मामी म्हणाली.

"खोटं नाही मावशी," ब्रुन्स म्हणाला. "नॉर्मंडीत माझे तीन रणगाडे गेले. एक विमानाने घालवला. दोन पेट्यांनी. चढावर मागे घेताना एक लिव्हर जोरात ओढला, की कडाड! उतरा, शत्रूला मिळू नये म्हणून सुरुंग लावा, चालत निघा. पहिल्या वेळी पाच जण चालत निघालो, तिघे पोचलो."

मामाने काटा ताटात ठेवला. "ह्या वेळी नाही व्हायचं."

"का हो काका? काय घातलंय त्यात?"

"कान," मामा म्हणाला. एवढंच.

सोमवारी त्याने यॉर्गच्या रणगाड्याच्या दोन्ही पेट्या स्वतः जोडल्या. पाना दुसऱ्या कुणाला धरू दिला नाही. यॉर्ग शेजारी उभा राहून म्हणाला, "बाबा, बाळाला आंघोळ घातल्यासारखं करताय." मामाने दोन्ही झाकणांवर एकसष्ट ठोकला. नेहमीपेक्षा खोल. खात्यातले सांगतात, त्या दिवशी तो चक्क शीळ घालत घरी गेला.

गुरुवारी दुपारी मालधक्क्यावर रणगाडे वाघिणींवर चढणार होते. आणि गुरुवारीच सकाळी पोलंडकडून परतलेल्या मोडक्या पेट्यांचा एक डबा कारखान्यात आला. टेश्केनडोर्फने मामाला बोलावलं. "म्हणजेच, हेर्टलाइन, एकतीस पेट्या आहेत. उघडा. जे वापरता येईल ते वेगळं काढा."

मामाने उघडायला घेतल्या. पहिल्या पेटीत मोठ्या गिअरचे चार दाते उडालेले. तुकडे बारीक, कडा चकचकीत, काच फुटावी तशा. दुसरीत तेच. तिसरीतलं चाक मात्र झिजलेलं, ओबडधोबड झालेलं, पण अख्खं. ती पेटी दुसऱ्याच बिघाडासाठी काढली होती. सवयीने मामाने ते तारेला टांगलं आणि ठोका दिला. ठप्प. मामाने कपाळाला आठ्या घातल्या. मग त्याने मोडक्यांपैकी एकातलं धाकटं चाक टांगलं. ते त्याच ओतातलं, त्याच भट्टीतलं, पण अजून न मोडलेलं. ठोका दिला.

ते गायलं.

त्याने पुढची पेटी उघडली. मोडलेली, गाणारी. पुढची. मोडलेली, गाणारी. मग अख्खी, ठप्प. तो भराभर करत गेला. हातोडी पडली तर उचलायला वाकलासुद्धा नाही, पान्यानेच ठोके देऊ लागला. शेजारच्या बाकावरचा म्हातारा सांगतो, "आम्हाला वाटलं वालेंटिन एकतीस पेट्यांचं भजन करतोय." शेवटी डाव्या हाताला सात चाकं होती, झिजकी, मुकी, शाबूत. उजव्या हाताला मोडक्या पेट्यांतली चोवीस धाकटी चाकं. एकूण एक गाणारी.

जुन्या पोलादाला उस्तादाचा नियम खरा होता. ते वरून कडक आणि आतून चिवट असायचं, चांगल्या पावासारखं. नव्या पोलादात चिवटपणा आणणारे धातूच नव्हते. ते स्वच्छ गायलं, तर आतपर्यंत कडक झालेलं असायचं. आतपर्यंत कडक म्हणजे काच. सहा महिने मामाने देशातल्या सगळ्यात ठिसूळ चाकांची कानाने निवड केली होती, तेलाच्या कापडात गुंडाळली होती, आणि आपल्या पोराच्या बुडाखाली बसवली होती.

त्याने कुणाला काही सांगितलं नाही. दाराशी कुणाची तरी सायकल होती, ती घेतली आणि मालधक्क्याकडे सुटला. पंधरा वर्षांत मामाला कुणी सायकलवर पाहिलं नव्हतं. कारखान्यापासून धक्का साडेतीन किलोमीटर. वाटेत बॉम्बने उखडलेला रस्ता, तिथे सायकल खांद्यावर घेऊन पळाला.

पुढचं यॉर्गने मला, त्याच्या आतेभावंडाला, सांगितलं. त्याला नेण्याआधी कोठडीच्या जाळीतून दहा मिनिटं बोलू दिलं होतं, तेव्हा.

रणगाडा वाघिणीवर चढायच्या उताराच्या पायथ्याशी उभा होता. आणखी दहा मिनिटांनी वर चढायचा. ब्रुन्स वाघिणीवर लाकडाचे ठोकळे मांडत होता. मामा आला तो धापा टाकत आणि यॉर्गच्या दंडाला धरूनच त्याला पट्ट्याआड नेलं.

"मोड तो."

"काय?"

"पेटी. मोड. रिव्हर्स टाक, उजवा लिव्हर पूर्ण ओढ. इथेच मोडेल. मग तो परत येईल कारखान्यात. मी दुसरी बसवतो. ठप्प बोलणारी."

"बाबा, तुम्ही ठीक आहात ना? ठप्प म्हणजे खराब ना?"

"उलटं आहे! सगळं उलटं आहे!" मामा ओरडला, आणि मग हलक्या आवाजात त्याने एकतीस पेट्यांचं सांगितलं. यॉर्ग म्हणाला, बाबांना मी आयुष्यात इतकी वाक्यं सलग बोलताना ऐकलं नव्हतं.

यॉर्गने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "नाही."

"नाही काय?"

"बाबा, इथे मोडली तर झाकण उघडतील. आत मोडके दाते, बाहेर एकसष्ट. नवीकोरी पेटी, सोमवारी जोडलेली, गुरुवारी मोडली. घातपात म्हणतील. मागच्या महिन्यात त्या लेथवाल्याला कशासाठी नेलं? एका बोल्टसाठी!"

"माझं मी बघून घेईन."

"तुम्ही बघून घ्याल आणि मी आईला काय तोंड दाखवू? मी जपून चालवेन. रिव्हर्स घेणार नाही. वळण लांबून घेईन."

"लढाईत लांबून वळण?"

"घेईन म्हटलं ना!"

"यॉर्ग," मामा म्हणाला, "ती चाकं मी निवडलीत. माझ्या हातांनी."

"म्हणूनच," यॉर्ग म्हणाला. "म्हणूनच नाही मोडत."

वरून ब्रुन्सची हाक आली, "चढवायचा का रे?" मामाने मान वर केली आणि एकदम नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाला, "सार्जंट, उजवीकडे काहीतरी वाजतंय. एकदा आत बसून ऐकतो."

"ऐका काका, कान तुमचा!" ब्रुन्स हसला आणि पुन्हा ठोकळ्यांकडे वळला. कारखान्यातले फिटर असे नेहमीच आत बसून ऐकायचे, त्यात कुणाला काही वाटायचं नाही. यॉर्गला कळेपर्यंत मामा ड्रायव्हरच्या झडपेतून आत उतरला होता. इंजिन चालूच होतं. यॉर्ग वर चढला, झडपेत हात घालून त्याची कॉलर धरली, ओढली. पण मामाने गिअर टाकला होता. रणगाडा मागे हिसकला, उजवा पट्टा थांबला, चिखलात रुतला, आणि मग सगळ्या धक्क्यावर ऐकू गेलं. कडाड.

सगळं थांबलं. यॉर्गने मामाला काखेत धरून बाहेर ओढलं, खाली उतरवलं, आणि स्वतः त्या जागेवर जाऊन बसला. "बाबा, तुम्ही खालीच होतात," एवढंच म्हणाला.

पाव तासात टेश्केनडोर्फ लष्करी पोलिसांना घेऊन हजर. "म्हणजेच, आत कोण होतं?"

"मी," यॉर्ग म्हणाला. "घाईत रिव्हर्सला लिव्हर ओढला. चूक झाली."

"मी होतो!" मामा म्हणाला. "मी मोडली. मुद्दाम. त्याला काही विचारू नका, मी!"

टेश्केनडोर्फने ब्रुन्सकडे पाहिलं. ब्रुन्सने टोपी काढली, परत घातली. "माझी पाठ होती," तो म्हणाला.

पोलिसांनी यॉर्गला आणि कागद तयार होईपर्यंत मामालाही फोरमनच्या ऑफिसात नेलं. हे टेश्केनडोर्फने स्वतः नंतर मामीला सांगितलं, दारात उभं राहून, टोपी हातात घेऊन. त्याने यॉर्गला बाहेर बसवलं आणि मामाला समोर.

"हेर्टलाइन, नीट ऐका. तुम्ही होता असं लिहिलं, तर तो घातपात. म्हणजेच फास. आणि खोटं बोलला म्हणून मुलालाही फास. मुलगा होता असं लिहिलं, तर ती ड्रायव्हरची चूक. म्हणजेच, शिक्षेची पलटण. रणगाडा नाही, पायी. सुरुंग काढायचे. पण जिवंत. म्हणजेच, काही दिवस तरी."

"मी होतो," मामा म्हणाला.

"मला ठाऊक आहे तुम्ही होता!" टेश्केनडोर्फ ओरडला. त्या एका वाक्यात 'म्हणजेच' नव्हतं. मग हळू म्हणाला, "ह्या महिन्यात माझ्याकडून शंभरावर रणगाडे मागितलेत. पेटीवर हात बसलेला एकच माणूस आहे माझ्याकडे. ड्रायव्हर अख्ख्या देशात आहेत. साक्षीदार म्हणून सही करा."

काचेतून बाहेर बाकावर बसलेला यॉर्ग दिसत होता. यॉर्गने बापाकडे पाहिलं आणि मान हलवली, हो म्हणून. तशी मामाने सही केली.

मामीने फक्त विचारलं, "तुम्ही सही केलीत?" आणि त्यावर तीन महिने त्याच्याशी बोलली नाही. तीन महिन्यांनी पोलंडातल्या व्हिस्चुला नदीकडून कागद आला. बेपत्ता. मग बोलायला लागली, कारण आता दुसरं कुणी नव्हतं.

मामा शेवटपर्यंत कामावर जात राहिला. त्याने कारखान्याला चाकांचं सांगितलं, कसं ऐकायचं ते उलटं करून दाखवलं. टेश्केनडोर्फने ते वर लिहून पाठवलं. वरून उत्तर आलं, की संख्या कमी होता कामा नये, आहेत ती बसवा.

ब्रुन्स सत्तेचाळीसच्या मार्चमध्ये आला. उजवा हात कोपरापासून नव्हता. खेड्यांतून बटाटे मिळतात का पाहत फिरत होता, वाटेत आमचं शहर लागलं. मामीने त्याला आत घेतलं, सलगमचं सूप दिलं. मामा खिडकीशी बसला होता.

"काका, तुम्हाला सांगायचंच होतं," ब्रुन्स म्हणाला. "तो रणगाडा दुरुस्त होऊन आठवड्याने आम्हाला मिळाला. हंगेरीत उतरवला. रांगेत आम्ही चौथे होतो. तिसऱ्या दिवशी एका गावाबाहेरच्या चढावर पेटी गेली. बाकीचे पाच रणगाडे पुढे निघून गेले, आम्ही मागे अडकलो. पुढे टेकडीपलीकडे तोफा दडवून ठेवलेल्या होत्या. पाचही जळाले. एक माणूस उतरला नाही. आम्ही सुरुंग लावला आणि चालत निघालो. आमचे पाचही जण पोचले. हात नंतर गेला, दुसरीकडे."

मामाने उजवा कान त्याच्याकडे वळवला. "किती चालला?"

"शंभर-सव्वाशे किलोमीटर."

"कुठली गेली? उजवी?"

"नाही. डावी. उजवी तर नवीच होती ना, तुम्ही..." ब्रुन्स थांबला.

डावी मामाने सोमवारी जोडली होती. दुरुस्तीत फक्त मोडकी बदलायचा हुकूम होता, तिला कुणी हात लावला नव्हता.

मामा उठला, दाराला धरत धरत बाहेर गेला, आणि परसात कोबीच्या रिकाम्या वाफ्यांपाशी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. ब्रुन्स उठू लागला, तर मामीने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

"सूप गार होईल," ती म्हणाली. मग त्याच्या वाटीत आणखी एक डाव वाढला, समोर बसली, आणि टेबलावरचा चुरा बोटाने गोळा करत राहिली.

"ड्रायव्हर कोण होता मग?"

"एक पोरगा, मावशी. ब्रेमेनचा. श्टेफेन. यॉर्गच्या जागी दिला होता."

"तोही पोचला?"

"हो. लग्न केलंय त्याने. आता जानेवारीत मुलगी झाली, कार्ड आलं होतं."

"नाव काय ठेवलं मुलीचं?" मामीने विचारलं.

ब्रुन्सने खिशात डाव्या हाताने शोधलं, दुसऱ्या खिशात शोधलं. कार्ड बरोबर नव्हतं.